आईसाठी गुरुचरित्र वाचलं, पण हा आदर होता की भीड?

कृष्णाकाठ

मी देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षं झाली. घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावरून आता कुणी भांडत नाही. आमचं मूळ घर मिरजेत, नरसोबाची वाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दत्तभक्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस गुरुचरित्राचं पारायण व्हायचं. बाबा वाचायचे, आई समोर बसून ऐकायची. बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही असं आमच्याकडे, आणि अजून बऱ्याच घरांत, धरलं जातं.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. पहिलं वर्ष सोडलं तर नंतर काकांनी वाचलं. यंदा काकांना गुडघ्यांमुळे बसवत नाही. आईचा फोन आला. "तू येशील का वाचायला? तुझा विश्वास नाही हे माहीत आहे मला. पण तुझं वाचन स्वच्छ आहे."

रजा काढून गेलो. सात दिवस पहाटे आंघोळ, धूतवस्त्र, जेवणात कांदा-लसूण नाही, रात्री खाली चटईवर झोपायचं. सगळं पाळलं. आईला जे हवं ते नीट करायचं एवढंच मनात होतं. खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस मला आवडलंसुद्धा. गुरुचरित्र लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची ओवी तोंडात बसते, एकदा लय सापडली की श्वास आपोआप तिच्या मागून जातो.

चौथ्या दिवशी एकतिसावा आणि बत्तिसावा अध्याय आला. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल. एकतिसाव्यात पतिव्रतेचे आचार, बत्तिसाव्यात सहगमन, म्हणजे सती जाणं, आणि नवरा गेलेल्या बाईने कसं राहावं ते. केस काढावेत, एकदाच जेवावं, मंचकावर निजू नये. आणि माझ्या समोर पाटावर माझी आई, चार वर्षांपूर्वी नवरा गेलेली, हातात जपमाळ, नजर पोथीकडे.

मी एकही ओवी गाळली नाही. पण आवाज सपाट झाला, घाई केली. संपल्यावर आईने विचारलं, "आज आवाज का पडला तुझा?" मी म्हटलं, "घसा बसलाय." तिने आल्याचा काढा करून दिला. तो काढा पिताना मला स्वतःची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

पुण्याला परतल्यावर अभ्यासगटातला मित्र म्हणाला, तू सात दिवस नाटक केलंस, त्या पोथीला तू वजन दिलंस. मामेबहीण म्हणाली, श्रद्धा नसून केवढा मान ठेवलास. दोघांचंही मला पटत नाही. मान कुणाचा ठेवला मी? आईचा, की पोथीचा? आणि नास्तिकाने श्रद्धावान माणसाचा आणि त्याच्या ग्रंथाचा मान ठेवावा, तर कुठवर? तुमच्या घरात तुम्ही काय करता ते लिहा.

प्राजक्ती

एवढं लावून घेऊ नका. आईसाठी केलंत, आईला समाधान मिळालं. पोथीत काय लिहिलंय याचा हिशोब तुमच्याकडे कशाला?

धुळाक्षर

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. माणसाचा आदर करावाच लागतो, त्याला माझी ना नाही. पण ग्रंथाचा आदर ही मागणी मला मान्य नाही. ग्रंथातलं विधान एक तर खरं असतं नाही तर खोटं, न्याय्य असतं नाही तर अन्याय्य. ते तपासायचं. त्याच्यापुढे वाकायचं कारण नाही.

शिवाय हा आदर कायम एकाच बाजूने का मागितला जातो? माझी बायको गेली तेव्हा तिने स्वतः लिहून ठेवलं होतं, दहावं-तेरावं नको. ती माझ्याइतकीच नास्तिक होती. तिच्या शब्दाचा मान कुणी ठेवला? माझे सख्खे नातेवाईक नदीवर जाऊन परस्पर पिंड ठेवून आले आणि मला फोटो पाठवला. अकरा वर्षं झाली. त्यांच्या पोथीला मी कधी हात लावला नव्हता. त्यांनी माझ्या मेलेल्या बायकोच्या इच्छेला लावला.

आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. मुंबईत २०१२ साली विलेपार्ल्याच्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकत होतं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी ते तुंबलेल्या गटाराचं पाणी केशाकर्षणाने वर चढतंय असं सांगितलं, तर त्यांच्यावर दंड संहितेच्या २९५ अ खाली, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली, तक्रारी झाल्या. ते फिनलंडला गेले. धर्म कुठलाही असो, अनुभव हाच. ते कलम १९२७ चं, ब्रिटिशांच्या वेळचं. आता भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे. त्यात शब्द 'जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने' असे आहेत, पण तक्रार करणाऱ्याला हेतूशी देणंघेणं नसतं. म्हणून आदर हा शब्द ऐकला की मी सावध होतो.

माणदेशी

धुळाक्षर, तुमच्या घरच्यांनी जे केलं ते चूक केलं. मी वारकरी आहे, माळकरी आहे, तरी सांगतो, चूक केलं. गेलेल्या माणसाचा शब्द मोडून केलेला पिंड कुणाला पोचणार?

माझं सांगतो. आम्हाला तुमचा आदर नकोय, तुम्ही हसू नका एवढंच हवंय. आमच्या दिंडीत एक डॉक्टर येतात, दरवर्षी, पुण्यापासून वाखरीपर्यंत. विठ्ठल मानत नाहीत, देवळात जात नाहीत, वाखरीहूनच परत फिरतात. पण पायाला फोड आलेल्या म्हातारीचा पाय मांडीवर घेऊन बसतात. म्हातारी त्यांना माउली म्हणून पाया पडते, ते उलट तिच्या पाया पडतात. वारीत ही रीतच आहे, समोरचाही माउलीच. त्यांना कुणी विचारलं नाही, विश्वास नाही तर पाया कसे पडता म्हणून.

आणि एक कबूल करायचंय. जादूटोण्याच्या कायद्याच्या विरोधात आमच्या तालुक्यात मोर्चा निघाला होता, त्यात मी होतो. हा कायदा आला की वारी बंद, कीर्तन बंद, असं सांगितलं होतं. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्याच आठवड्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यानंतर त्या डॉक्टरांनीच मला मुक्कामावर कायदा वाचून दाखवला. शेवटाकडे बारावं कलम आहे. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, या कशालाच हा कायदा लागू नाही असं त्यात लिहिलंय. मी न वाचता एका माणसाच्या विरोधात घोषणा दिल्या होत्या. कृष्णाकाठ, तुम्ही निदान पोथी पूर्ण वाचलीत.

कृष्णाकाठ

माणदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धुळाक्षर, तुमच्या पत्नीबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

निळी_शाई

ग्रंथाचा आदर या विषयावर आमच्याकडून बोलायचं तर सुरुवात महाडपासून होणार. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली. परिषदेला जागा कुणी देईना, ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. दहनाचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण. त्या पोथीने ज्यांना पाणी नाकारलं त्यांनी तिचा मान ठेवावा, असं आजही कुणी मला सांगितलं तर मी उठून जाईन.

पण त्या दिवसाच्या दोन गोष्टी लोक विसरतात. एक, ते चोरून केलं नाही, कुणाच्या देवघरात शिरून केलं नाही. परिषद भरवून, ठराव करून, कारण सांगून केलं. दोन, बाबासाहेबांनी ते ग्रंथ ज्या खोलात जाऊन अभ्यासले, तसे ते पूजणाऱ्यांतल्या थोड्यांनीच अभ्यासले असतील. ग्रंथ गंभीरपणे घेणं याला जर आदर म्हणायचं असेल तर तो बाबासाहेबांनी दिला. आणि मग जाळला.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. आमच्या घरात बाबासाहेबांचा धम्मग्रंथ आजी खादीच्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळून ठेवायची. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी त्याचं वाचन. एकदा माझ्या मैत्रिणीने, ती कुठलाच धर्म न मानणारी, बोलता बोलता त्यावर चहाचा कप ठेवला. तिच्या मनात काही नव्हतं. आजी काही बोलली नाही, उठली, कप उचलला, पदराने पुस्तक पुसलं. मी स्वतः ग्रंथपूजेच्या विरोधात आहे, तरी माझ्या पोटात ढवळलं. कारण आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती, साठाव्या वर्षी प्रौढ वर्गात जाऊन अक्षरं शिकली होती ती हा ग्रंथ वाचायला. कप ग्रंथावर ठेवला गेला नव्हता, तिच्या त्या कष्टांवर ठेवला गेला होता.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करते. ग्रंथात काय लिहिलंय त्यावर मी कुठेही, कितीही कडक बोलेन. पण कुणाच्या घरात कुणाचं पुस्तक हातात घेताना माझा हात हलका असेल.

तळकोकण

आमच्या गावात जत्रेला गाऱ्हाणं घालतात. मानकरी बोलतो, बा देवा महाराजा, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव म्हणतो, होय महाराजा. माझा थोरला भाऊ देव मानत नाही. तो येतो, चप्पल काढून रांगेत उभा राहतो, 'होय महाराजा' म्हणत नाही. सुरुवातीला लोक कुजबुजले. मग मानकऱ्यानेच एकदा सांगितलं, तो खोटं 'होय' म्हणण्यापेक्षा गप्प उभा आहे हे बरं. आता कुणी काही बोलत नाही. पण गाऱ्हाण्यात गावातल्या कुठल्या वाडीला वाळीत टाकायची भाषा निघाली तेव्हा तोच सगळ्यात आधी मोठ्याने 'नाही' म्हणाला होता. देवळातच.

समुद्रपक्षी

मी रत्नागिरीची, मुसलमान घरातली, आता काही न मानणारी. आमच्याकडे कुराण घरातल्या सगळ्यात उंच फळीवर, जरीच्या जुजदानात, म्हणजे कापडी वेष्टनात. दादीसमोर मी ते वजू केल्याशिवाय, म्हणजे हात-पाय-तोंड धुतल्याशिवाय, उचलत नाही. यात मला कमीपणा वाटत नाही.

पण तलाकचा विषय निघाला की मला "किताबचा मान ठेव" असं सांगून गप्प केलं जातं आणि तिथे मी गप्प बसत नाही. हमीद दलवाई आमच्याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात बायका घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. सात. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. स्वतः गेले तेव्हा कुठल्याही धार्मिक विधीशिवाय दहन व्हावं अशी त्यांची इच्छा होती. माझ्या गावात अजूनही त्यांचं नाव हळू आवाजात घेतात. त्या सात बायकांना तेव्हा किती जणांनी सांगितलं असेल, मान ठेवा म्हणून.

मला वाटतं "मान ठेव" हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय ते बघावं. दादी मला म्हणते तेव्हा त्यात माया आहे. घर सोडायला लावलेल्या बाईला चार पुरुष म्हणतात तेव्हा तो दम आहे. वाक्य तेच.

जुना_शिक्षक

चर्चा चांगली चालली आहे. एक जुनं उदाहरण इथे बसेल. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, कट्टर निरीश्वरवादी. १९४० पासून त्यांचं नास्तिक केंद्र. ते गांधीजींना सेवाग्रामला जाऊन भेटत, आश्रमात राहत, देव नाही हे तोंडावर सांगत. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या तरुणाशी ठरवलं. गांधीजी ते सेवाग्रामला लावून द्यायला तयार झाले आणि 'ईश्वराच्या नावाने' याऐवजी 'सत्याच्या नावाने' म्हणू, हेही त्यांनी मान्य केलं. त्याआधीच गांधीजींचा खून झाला. लग्न १९४८ च्या मार्चमध्ये सेवाग्रामलाच झालं.

श्रद्धा असलेल्या माणसाने नास्तिकासाठी आपला शब्द बदलला. धुळाक्षर म्हणतात ती दुसरी बाजू अशी दिसते. आणि गोरांनी हा मान गप्प राहून मिळवला नव्हता, स्पष्ट बोलून मिळवला होता.

आपल्याकडे आदर आणि भीड यांत फार गल्लत होते. भीड भिकेची बहीण म्हणतात. कृष्णाकाठ, तुमच्या शीर्षकातच तुम्ही उत्तराच्या जवळ आला आहात. सात दिवस चटईवर झोपलात तो आदर. "घसा बसलाय" ही भीड.

प्राजक्ती

पण सत्तरीच्या आईशी, पारायण चालू असताना, वाद घालायचा का? मला ते क्रूर वाटतं. काही गोष्टी न बोललेल्या बऱ्या.

धुळाक्षर

जुना_शिक्षक, गोरांचं उदाहरण मला माहीत होतं, पण असं इथे लावून पाहिलं नव्हतं. माझ्या सासूबाई अजून आहेत. पिंड ठेवायला त्याही गेल्या होत्या. अकरा वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलो नाही. त्यांची मुलगी गेली होती, हे मी कधी त्यांच्या बाजूने मोजलं नाही. केलं ते चूकच, त्यावर मी ठाम आहे. पण चूक आहे हे मी त्यांना समोर बसून एकदाही सांगितलेलं नाही, एवढं खरं.

शिरोळ_तालुका

नरसोबाची वाडी आमच्याच तालुक्यात, म्हणून लिहिते. हेरवाड गावही याच शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हा ठराव करणारे लोक नास्तिक नव्हते. त्यांतले कितीतरी पौर्णिमेला वाडीला दर्शनाला येणारे. कुणाच्या घरात बत्तिसावा अध्याय वाचला जात नसेल असं नाही. तरी हात वर करून त्यांनी ठराव केला.

आता कृष्णाकाठ, तुम्हाला एक विचारते, रागावू नका. या धाग्यावर पुरुष-बायका सगळे बोललो, तुमच्या मित्राचं मत आलं, मामेबहिणीचं आलं. तुमच्या आईचं कुठे आहे? त्यांना तो अध्याय ऐकताना काय वाटलं, तुम्ही विचारलंत? त्यांना स्वतःला वाचायचं असेल तर? बायकांनी वाचू नये हा नियम तुम्ही मानत नाही, मग त्यांच्यासमोर पोथी ठेवून एकदा तरी "तू वाचतेस का" म्हणालात? आदर ठेवायचा म्हणजे त्यांच्या वतीने सगळं आपणच ठरवायचं असं नाही ना होत.

प्राजक्ती, वाद घालणं वेगळं आणि विचारणं वेगळं.

माणदेशी

ताईंशी सहमत.

कृष्णाकाठ

नऊ-दहा दिवस लिहिलं नाही. शिरोळ_तालुका, तुमचा प्रतिसाद वाचून मी शनिवारी मिरजेला गेलो.

दुपारी आई गवार मोडत बसली होती. मी शेजारी बसून मोडू लागलो आणि सांगितलं, त्या दिवशी घसा बसला नव्हता. ती म्हणाली, "माहीत आहे. घसा बसलेला माणूस रात्री नातवाला तासभर गोष्ट सांगत नाही."

मग विचारलं, तुला काय वाटलं तो अध्याय ऐकताना. ती बराच वेळ शिरा काढत राहिली. म्हणाली, "तुझे बाबा गेल्यावर काकांनी पहिल्यांदा वाचलं ना, तेव्हा तो अध्याय आला आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. दूध बघायला जाते म्हटलं. गॅसवर दूध नव्हतंच. काका तसेच वाचत राहिले. पुढच्या वर्षीही उठले. यंदा तू होतास म्हणून बसले. तू अर्ध्यात थांबलास आणि तुझं पारायण मोडलं असतं तर ते मला नको होतं."

म्हणजे मी तिच्यासाठी वाचत होतो आणि ती माझ्यासाठी ऐकत होती.

मी म्हटलं, तू ते मानतेस का, त्यात लिहिलेलं. ती म्हणाली, "माझे केस बघतोयस ना तू? तुझ्या पणजीने सगळं केलं होतं, मी लहान असताना तिला पाहिलंय, लाल आलवण, डोक्यावरून पदर. रात्री भूक लागायची तिला. मी नाही केलं. महाराजांनी कुठे विचारलं मला?" मग म्हणाली, "पोथी माझी आहे. त्यातलं काय घ्यायचं ते मी घेते. पण तुला जे वाटलं ते तू मला तेव्हाच सांगायचं होतंस. मी काय तेवढ्याने मोडणार होते?"

स्वतः वाचतेस का, हेही विचारलं. नाही म्हणाली. नियम म्हणून नव्हे. "वाचताना नुसतं वाचलं जातं, ऐकताना मन लागतं. चाळीस वर्षं ऐकण्याची सवय आहे." पण शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तिला पाठ आहे, हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तिने तिथेच म्हणून दाखवला, गवारीची परात मांडीवर घेऊन. मी ऐकत बसलो.

पुढच्या वर्षीचं ठरलंय. मीच वाचणार. एकतिसावा संपला की थांबायचं आणि तिला सांगायचं. तिथे उठायचं की बसायचं ते ती ठरवील.

धुळाक्षर, तुम्ही सासूबाईंकडे गेलात तर इथे लिहा. नाही गेलात तरी लिहा.

निळी_शाई

कृष्णाकाठ, तुमच्या आईंना माझा जयभीम सांगा.

कृष्णाकाठ

सांगितला. "तिलाही नमस्कार सांग" म्हणाली, आणि आजींच्या पांढऱ्या कपड्यातल्या ग्रंथाचं सांगितलं तर म्हणाली, त्यांना अक्षर लहान पडत नव्हतं का. तिच्या पोथीचं पडतं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. मोठ्या टायपातली शिवलीलामृताची प्रत कुठे मिळेल, कुणी सांगेल का?

शिरोळ_तालुका

वाडीच्या देवळाबाहेर दुकानांत मिळते. मी गुरुवारी जाणार आहे, बघून ठेवते. व्यक्तिगत निरोप करा.